बैत्याचं सॉफ्टवेअर

गहिनीनाथ सुताराला त्या सकाळी वर्षाचे दोन लाख चाळीस हजार मिळणार होते. नवीन काही बनवायचं नव्हतं, कुणाला गंडवायचं नव्हतं, नवं गिऱ्हाईक धुंडाळायचं नव्हतं. राहुरी आणि नेवासा तालुक्यांत मिळून एकशेवीस दूध संकलन केंद्रांवर त्याचं सॉफ्टवेअर चालत होतं. प्रत्येकाकडं वर्षाला दोन हजार मागायचे, एवढंच काम. माणसं खिसा एकवेळ सहज उघडतात, तोंड उघडताना मात्र त्यांचा जीव जातो. दुकानदारीत मी एवढं एकच शास्त्र शिकलो.

माझं दुकान त्याच्या ऑफिसच्या खाली, राहुरीत. पावतीच्या मशीनला लागणारे कागदाचे रोल मी विकतो. डेअरीवाले वर गहिनीकडं जाताना आणि येताना माझ्याकडून रोल नेतात. माझा माल संपतो आणि त्याचा माल संपत नाही, हा आमच्या दोघांच्या नशिबातला फरक.

सॉफ्टवेअरचं नाव 'धार'. बाई किटली घेऊन येते, दूध काट्यावर ओतते, मशीन फॅट दाखवतं, आणि 'धार' त्या दिवसाच्या दरानं हिशेब करून पावती काढतं. दहा वर्षांपूर्वी गहिनीनं ते स्वतः लिहिलं आणि दहा हजारांना विकायला काढलं. दहा हजार, एकदाच. कार्डावर त्यानं छापून घेतलं होतं, 'एकदा घ्या, कायमचं वापरा.' त्यातला 'कायमचं' जाड करायला सांगितला. मी विचारलं, "कायमचं म्हणजे कुणाच्या कायमचं? तुझ्या का त्याच्या?" तो हसला. गहिनी हसला की विषय मिटला असं धरायचं.

विषय मिटला नव्हता. दूध संघ दर बदलतो, की एकशेवीस ठिकाणी दरपत्रक बदला. सरकारनं अनुदान जाहीर केलं आणि गाईच्या कानातल्या बिल्ल्याचा नंबर मागितला, की एकशेवीस ठिकाणी नंबराचा रकाना घाला. कुणाच्या कॉम्प्युटरवर वीज पडे, कुणाची वायर उंदीर खाई, कुणाचा भाचा कॉम्प्युटरवर सिनेमे भरी. सकाळी साडेपाचला फोन. "गहिनी, पावतीवर गाईच्या जागी म्हैस येतीय रं." मग हा मोटारसायकल काढणार. पेट्रोल याचं, चहा त्यांचा. चहा घेऊन आल्यावर मला सांगणार, "त्यांनी लई अगत्य केलं."

सुरुवातीला भागत होतं. दर महिन्याला दोन-तीन नवी केंद्रं यायची, त्यांच्या दहा-दहा हजारांत जुन्यांची सेवा व्हायची. पुढं गावं संपली. महाराष्ट्रात गावं पुष्कळ आहेत, पण गहिनीच्या मोटारसायकलच्या पल्ल्यात होती ती सगळी गिऱ्हाइकं झाली.

हे पहिल्यांदा ओळखलं त्याच्या बायकोनं. रुपाली वर बसून फोन घ्यायची. बीकॉम झालेली, नवऱ्यावर जीव आणि त्याच्या हिशेबावर अजिबात नाही. एकदा माझ्यासमोरच बोलली.

"अहो, जुन्या गिऱ्हाइकांचं पेट्रोल आपण नव्या गिऱ्हाइकांच्या पैशात घालतो. सहा महिन्यांत नवं एकच आलंय."

"येतील की."

"कुठनं येतील? गाई वाढतात, गावं वाढत नाहीत. वर्षाला दोन हजार मागा. नसतील देत त्यांचं आहे ते चालू द्या, फक्त नवीन काम करू नका. कुणाचं बंद पाडा म्हणत नाही मी."

"एकदा विकलंय. विकलेल्या वस्तूचे दर साली पैसे मागायचे म्हणजे बैतं झालं."

बैतं हा शब्द आता बऱ्याच जणांना सांगावा लागतो. सुतारानं, लोहारानं वर्षभर गावाची कामं करायची, नांगर-पाभर दुरुस्त करायची, आणि त्याबद्दल शेतकऱ्यानं सुगीला धान्य द्यायचं. रोख काही नाही. गहिनीचे वडील सहादेवतात्या असं बैत्यावर काम करणारे गावातले शेवटचे सुतार. गहिनी सहा-सात वर्षांचा असताना त्यांच्यासोबत एका खळ्यावर गेला होता. पोत्याचं तोंड त्यानं धरलेलं. शेतकऱ्याच्या गड्यानं राशीतलं धान्य दिलंच नाही, खळं झाडून निघालेलं मातेरं, खड्यामातीसकट, त्यांच्या पोत्यात लोटलं आणि म्हणाला, "उरलंय ते घिऊन जा सुतार." ही गोष्ट गहिनीनं मला दोनदा सांगितली, दोन्ही वेळा त्याच शब्दांत. काही माणसं आपला एखादा अपमान देवघरातल्या तांब्यासारखी घासूनपुसून ठेवतात.

"दिवाळीपर्यंत नाही जमलं तर मी पतसंस्थेत लागते," रुपाली म्हणाली. "मग फोन कोण घेणार ते तुमचं तुम्ही बघा. आणि ऑफिसचं भाडं कशातनं द्यायचं तेही."

'धार' राहणार की बंद पडणार, ते आता या एका मागण्यावर आलं होतं. गहिनी तयार झाला. ठरलं असं, की पहिल्यांदा गोरक्षनाथ आप्पांकडं जायचं. आप्पांचं केंद्र सोनईच्या अलीकडं, दोन्ही वेळचं मिळून नऊशे लिटर दूध. केंद्रवाल्यांचा व्हॉट्सअॅप ग्रुप त्यांच्याच हातात. आप्पांनी दिले की बाकीचे देणार, शेरडांच्या कळपासारखे. मला तिकडं रोलचा खोका पोचवायचा होता, म्हणून मीही मागं बसलो. वाटेत तो काहीतरी पुटपुटत होता. मागण्याची तालीम चालली होती.

आम्ही पोचलो तेव्हा दूध घालणाऱ्यांची रांग लागलेली. आप्पा खुर्चीत, पाय दुसऱ्या खुर्चीत.

"या सुतारमहाराज. मशीन बिघडलेलं न्हाई तरी आलात?"

रांगेत साळूबाई होती, दोन गाईंची मालकीण. ती म्हणाली, "माझी फॅट कमी दावतंय ते बगाया आला आसंल."

"तुझी न्हवं साळूबाई, तुझ्या गाईची," आप्पा म्हणाले. "तुझी बगाया काटाच दुसरा लागंल."

रांग हसली. साळूबाई सगळ्यांत जास्त हसली.

"आप्पा, एक बोलायचं हुतं," गहिनी म्हणाला.

"मग बोल की. हितं काय परके हायत?"

"'धार'चं हो. म्हंजी वर्षाला जरा, परत्येक केंद्राकडनं थोडं थोडं घ्यावं म्हंतोय. दर बदलायचं काम आसतं, पेट्रोल आसतं..."

वर्षाला दोन हजार, ही तीन शब्दांची गोष्ट. तेवढे शब्द सोडून बाकी सगळं तो बोलला.

"आरं मग बैतं म्हन की सरळ," आप्पा म्हणाले. "सुताराचं प्वार त्ये. तुझा बा बी सुगीला आसाच यायचा, आन् आसाच आडखळत मागायचा."

पुन्हा हशा पिकला. त्यात विष नव्हतं. चेष्टा करायची ती आपल्याच माणसाची करायची, अशी इकडची रीत. आणि हे बोलताना आप्पांचा हात सदऱ्याच्या खिशाकडं निघाला होता. मी खिशांवर नजर ठेवून जगणारा माणूस, मला तो दिसला. गहिनी स्वतःच्या चपलांकडं बघत होता.

"बैतं न्हाई आप्पा," तो एकदम वर बघून म्हणाला. "मी मागाया आलोच न्हाई. मी सांगाया आलो. त्या मोबाईलवाल्या कंपन्या म्हयन्याला पैसे मागाया लागल्यात. 'धार'चं तसं न्हाई. एकदा इकलं ते इकलं. मी कुनाकडनं एक रुपाया घेनार न्हाई."

आप्पांचा हात खिशात जाऊन बाहेर आला, तेव्हा त्यात तंबाखूची पुडी होती. पुढं कधीतरी आप्पा मला म्हणाले, "म्या तीन हजार काढीत हुतो रं त्या दिशी." आप्पांचा शब्द मी नेहमी वीस टक्के सूट धरून घेतो. तरी दोन हजार चारशे उरतात.

आप्पांनी तिथंच फोन काढून ग्रुपवर बोलून टाकलं. सुताराचा पोर म्हणजे सोनं आहे, जग पैशामागं लागलंय आणि हा कायमचा फुकट सेवा देणार म्हणतोय, सगळ्यांनी त्याचं अभिनंदन करावं. आम्ही राहुरीला पोचेपर्यंत ग्रुपवर जोडलेल्या हातांची रांग लागली. इतके हात जोडले गेले, की खिशात घालायला कुणाचा मोकळा राहिला नाही.

सहादेवतात्या दुपारचे माझ्या दुकानात येऊन बसत. त्या दुपारी रुपाली चहा घेऊन खाली आली आणि सासऱ्यांपुढं सगळं सांगून मोकळी झाली. गहिनीही तिथंच होता, पेट्रोलच्या पावत्या लावत.

तात्यांनी चहा बशीत ओतला. "कोन म्हनलं बैतं वंगाळ?"

"तात्या, मी बघितलंय," गहिनी म्हणाला. "मातेरं लोटलं हुतं त्यानं आपल्या पोत्यात. तोंड मी धरलं हुतं."

"एका खळ्यावर. तू एकाच खळ्यावर आल्ता. गावात चाळीस खळी हुती, तिथं तू न्हवता." तात्या फुंकर मारून चहा प्यायले. "आन् त्या गड्याच्या मालकाच्या पाभरीला म्या फुडच्या साली हात लावला न्हाई. मिरगाच्या तोंडावर आला मग घरी. दोन पायल्या जुंधळा घिऊन, सोता डोक्यावर. त्ये तुला ठावं न्हाई, तू निजला हुतास."

गहिनी पावत्या लावत राहिला.

"भीक न्हवं त्ये. त्याचं आवत मोडलं तर मला जावं लागायचं, आन् म्या आजारानं पडलो तरी त्याला द्यावं लागायचं. त्यानं मला बांधला, म्या त्याला बांधला. मग ही लोखंडी आवतं आली. दुकानातनं एकदा इकत आनायची, काम झालं. मग कशाला लागतोय सुतार? तवा आपलं पोतं रिकामं झालं. बैत्यानं न्हाई मारलं आपल्याला. एकदाच इकायचं हे तू कुनाकडनं शिकला? माझ्याकडनं तर न्हाई."

रुपालीनं कपबश्या उचलल्या. नवऱ्याकडं न बघता म्हणाली, "अजून काही बिघडलेलं नाही. ग्रुपवर टाका, बोलताना चुकलं, वर्षाला एवढे एवढे लागतील."

"चुकलं म्हणू? एकशेवीस जणांपुढं?"

"बोलला पन एकशेवीस जनांपुढंच की," तात्या म्हणाले.

गहिनीनं मोबाईल हातात घेतला. बराच वेळ तो बोटानं वर-खाली करत राहिला. ती अभिनंदनं पुन्हा वाचत होता. मग त्यानं मोबाईल खिशात ठेवला आणि वर निघून गेला. दोन लाख चाळीस हजार जिना चढून गेले, आणि त्यांच्यामागं दार लागलं.

दिवाळी झाली. रुपाली पतसंस्थेत लागली. फोन गहिनीच्या खिशात आला, आणि खिसा सतत मोटारसायकलवर असल्यामुळं तो उचलला जाईना. एका केंद्रावर असला की तीन ठिकाणचे फोन वाजून थांबायचे. त्यात संघानं एका महिन्यात दोनदा दर बदलला. आप्पांकडं दहा दिवसांचा दुधाचा पगार जुन्या दरानं निघाला, रांगेत भांडणं झाली, आप्पांना पदरचे पैसे घालून ती मिटवावी लागली. गहिनी तिसऱ्या दिवशी पोचला.

"शिव्या द्या आप्पा, पन बोला काय तरी," तो म्हणाला.

"शिव्या कशा देऊ?" आप्पा म्हणाले. "तू पैसे घेत आस्तास तर दिल्या आस्त्या. फुकटवाल्याला मानूस बोलनार कुठल्या त्वांडानं?"

पुढच्याच आठवड्यात आप्पांनी पुण्याच्या एका कंपनीचं मोबाईल अॅप घेतलं. महिन्याला सातशे रुपये. पहिले तीन महिने फुकट. गहिनीला वर्षाचे दोन हजार मागता आले नाहीत, आणि कंपनीच्या पोरानं आठ हजार चारशे असे मागितले की आप्पांनी वर त्याचा शाल-नारळ देऊन सत्कार केला. तो पोरगा लाजला नाही, अडखळला नाही, त्याला खळं माहीत नव्हतं. बाकीची केंद्रं आप्पांच्या मागून गेली. तो अंदाज तेवढा आमचा बरोबर होता.

कंपनी शहाणी. तिनं गहिनीला वाऱ्यावर सोडलं नाही, नोकरीवर घेतलं. त्या पोरानं वर येऊन फार आदरानं 'सर' म्हणत कागद पुढं ठेवला. महिन्याला अठरा हजार, पेट्रोल वेगळं. काम एवढंच, की आपल्या सगळ्या केंद्रांवर जाऊन 'धार' काढायचं, जुने हिशेब अॅपमध्ये भरायचे, पुढं दुरुस्ती आणि वसुली बघायची.

गहिनीनं सही करण्याआधी मला विचारलं, "काय करू?"

मी म्हणालो, "पेट्रोल वेगळं देतायत." दुसरं काय सांगणार?

आप्पांच्या केंद्रावर 'धार' काढलं तेव्हाही मी तिथं होतो. काढताना पडद्यावर एक खिडकी येते. तिच्यात मराठीत लिहिलेलं होतं, 'नक्की काढायचं का? पुन्हा विचार करा.' ते वाक्य दहा वर्षांपूर्वी त्यानंच लिहिलेलं. खाली 'होय' आणि 'नाही'. गहिनी त्या खिडकीकडं बघत राहिला.

"दाब की," रांगेतून कुणीतरी म्हणालं. "दूध नासंल."

त्यानं 'होय' दाबलं.

एकशेवीसपैकी एकशेदहा केंद्रं त्यानं अशी स्वतःच्या हातानं हलवली. उरलेल्या दहांनी अॅप नको म्हटलं, ते वहीवर आले. सहादेवतात्यांना यातलं कुणी काही सांगितलं नसावं. त्यांनीही विचारलं नाही. गहिनीनं वरचं ऑफिस सोडल्यावर तात्यांचं माझ्या दुकानात येणं थांबलं. वर आता ब्युटी पार्लर आहे.

फुकटचे तीन महिने संपले. चौथ्या महिन्यात आप्पा पैसे भरायचे विसरले, किंवा त्यांनी विसरून पाहिलं. सकाळी अॅप उघडेना. मशीन फॅट दाखवी, पण पावती निघेना. रांग रस्त्यापर्यंत गेली. आप्पांनी गहिनीला फोन लावला. तो तेव्हा माझ्याकडं रोल घ्यायला आला होता.

"गहिनी, कुलूप काढ रं. संध्याकाळी भरतो पैसं."

"माझ्या हातात न्हाई आप्पा."

"आरं तुझ्या हातात न्हाई म्हंजी? तूच बसवलंय की."

"बसवायचं माझ्या हातात. उघडायचं पुण्याला." गहिनीनं हातातला रोल खाली ठेवला. "आत्ता भरा, पाच मिनटांत चालू व्हईल. म्या सांगतो कसं भरायचं ते. तो हिरवा चौकोन दिसतोय का, त्याच्यावर बोट ठेवा."

फोनवर त्याचा आवाज इतका स्वच्छ मी कधी ऐकला नव्हता. अडखळणं नाही, चपलांकडं बघणं नाही. वसुली दुसऱ्याची असली की माणसाला काहीच जड जात नाही. फोन ठेवल्यावर त्यानं रोलचे पैसे मोजून दिले आणि उरलेले मागून घेतले. पूर्वी तो सुटे तसेच सोडून जायचा.

आता हिशेब. दोन लाख चाळीस हजारांना बारानं भागलं तर वीस हजार येतात. गहिनीला अठरा मिळतात. महिन्याला नुसता दोन हजारांचा फरक, असं तो स्वतःच मला म्हणाला, आणि मी मान डोलावली. 'धार' गेलं, ते कुठल्या रकान्यात लिहायचं मला कळलं नाही आणि त्यानं विचारलं नाही. रुपाली पतसंस्थेतच आहे. कंपनीला या दोन तालुक्यांतून महिन्याला सत्त्याहत्तर हजार जातात, त्यातले अठरा ती गहिनीला परत पाठवते. माझा रोलचा धंदा निम्म्यावर आला, कारण पावत्या आता मोबाईलवर जातात.

आप्पांचं काही गेलं नाही. आप्पांचं कधी जात नाही. लिटरमागं दहा पैसे कापायला त्यांनी सुरुवात केली. नऊशे लिटरचे रोजचे नव्वद रुपये, महिन्याचे दोन हजार सातशे. त्यातले सातशे कंपनीला भरायचे. जे दोन हजार गहिनीला वर्षातून एकदा मागता आले नाहीत, ते आप्पांना आता दर महिन्याला मिळतात, न मागता.

साळूबाईकडं साधा फोन आहे, म्हणून तिला अजून कागदाची पावती मिळते. तिच्या दोन गाई मिळून दिवसाला सोळा लिटर देतात. पावतीवर सगळ्यात खाली 'इतर' म्हणून एक ओळ असते, सकाळ-संध्याकाळ मिळून एक रुपया साठ पैसे. मी तिला विचारलं, हे कशाचे कापतात?

"आसंल कायतरी," ती म्हणाली. "फॅटचं आसंल."

महिन्याचे अठ्ठेचाळीस रुपये होतात. आप्पांच्या केंद्रावर अशी साठ घरं दूध घालतात. पैसे त्या घरांनी भरले.